पुढच्या वेळी मराठीतून या : ‘एंडगेम’च्या कर्त्यांना आणि वितरकांना कोकणातून खुले पत्र

प्रति,
‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’चे निर्माते केव्हिन फायगी, दिग्दर्शक अँथनी व जो रूसो, तसेच हा चित्रपट भारतात आणणारे वितरक यांस,

सप्रेम नमस्कार.

चित्रपट पाहून परतले त्याच रात्री हे पत्र लिहायला बसणार होते. पण शेवट फोडू नका, अशी विनंती दिग्दर्शकांनी जाहीरपणे केलेली होती आणि ती मोडणे मला योग्य वाटले नाही. ६ मेपासून त्यांनीच ते बंधन उठवले, त्यामुळे आता आडपडदा न ठेवता लिहिते. ज्यांनी अद्याप चित्रपट पाहिलेला नाही अशा वाचकांनी मात्र हे पत्र बाजूला ठेवून आधी तिकीट काढावे, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

मी वेंगुर्ले तालुक्यात राहते आणि इथल्याच एका माध्यमिक शाळेत शिकवते. २०१२ साली आयर्न मॅन, कॅप्टन अमेरिका, थॉर, हल्क, ब्लॅक विडो आणि हॉकआय हे तुमचे सहा वीर न्यू यॉर्कच्या उद्ध्वस्त रस्त्यावर पाठीला पाठ लावून उभे राहिले आणि कॅमेरा त्यांच्याभोवती एक संपूर्ण फेरी मारून आला, तेव्हापासून मी या चित्रमालिकेची निस्सीम चाहती आहे. हे पत्र लिहिण्यामागे दोन हेतू आहेत. एक म्हणजे तुम्ही जे करून दाखवलेत त्याचे मनापासून कौतुक करणे, आणि दुसरा म्हणजे त्या कौतुकातूनच निघणारी एक मागणी तुमच्यापुढे ठेवणे. मागणीकडे मी येईनच, पण ती नीट कळावी म्हणून आधी चित्रपटाविषयी सविस्तर बोलणे भाग आहे.

मे २००८ मध्ये ‘आयर्न मॅन’ आला तेव्हा श्रेयनामावली संपेपर्यंत खुर्चीत बसून राहिलेल्या मोजक्या प्रेक्षकांना, एका डोळ्यावर पट्टी बांधलेला निक फ्युरी टोनी स्टार्कच्या, म्हणजे आयर्न मॅनच्या, घरात उभा दिसला होता आणि त्याने एका चमूची गोष्ट काढली होती. त्या अर्ध्या मिनिटात दिलेला शब्द तुम्ही ११ वर्षे आणि २२ चित्रपट पाळलात. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ साली कॉमिकच्या पानांवर हे वीर पहिल्यांदा एकत्र आणले, तेव्हा त्यांना फक्त कागद आणि शाईशी व्यवहार करायचा होता. तुमच्यापुढे प्रत्येक वीरासाठी वेगळा नट होता, बहुतेक चित्रपटांना वेगळा दिग्दर्शक होता आणि प्रत्येक गोष्टीचा सूर निराळा होता. केनेथ ब्रानाने थॉरला राजघराण्यातल्या शोकनाट्याचा बाज दिला, जो जॉन्स्टनने कॅप्टन अमेरिकाला थेट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नेऊन ठेवले, हल्कचा नट तर मध्येच बदलला. हे सगळे एकाच कथेत सुखाने नांदू शकेल यावर फार थोड्यांचा विश्वास होता. तुम्ही मात्र घाई केली नाही. आधी माणसे उभी केलीत आणि मगच त्यांना एकत्र आणलेत.

गेल्या वर्षी २७ एप्रिलला ‘इन्फिनिटी वॉर’ने आम्हाला ज्या अवस्थेत सोडले तिथून पुढचे वर्ष कसे गेले, हे आमच्या शाळेत येऊन पाहायला हवे होते. खलनायक थॅनोसने एक चुटकी वाजवली आणि निम्मी जीवसृष्टी धूळ होऊन उडून गेली. स्पायडर-मॅन गेला, वकांडाचा राजा टिचाला गेला, डॉक्टर स्ट्रेंज गेला, आणि मागे राहिलेल्यांत नेमके २०१२चे सहाही जण होते. माझ्या वर्गातल्या मुलांच्या वह्यांच्या शेवटच्या पानांवर कोण गेले आणि कोण उरले यांच्या याद्या मी पाहिल्या आहेत. एसटीची वाट पाहत उभी असलेली मुले गाडी येऊन लागली तरी अँट-मॅन नेमका कुठे अडकला आहे यावर वाद घालत राहायची. या मुलांपैकी बहुतेकांनी तुमचे चित्रपट चित्रपटगृहात पाहिलेले नाहीत. दूरचित्रवाणीवर हिंदीतून, जाहिरातींच्या मधल्या तुकड्यांमधून आणि एकमेकांना सांगत त्यांनी ही संपूर्ण गोष्ट जोडून घेतली आहे, आणि ती त्यांना इतकी पक्की ठाऊक आहे की मला काही शंका आली तर मी त्यांनाच विचारते.

यंदा २३ एप्रिलला आमच्या मतदारसंघात मतदान झाले, निवडणुकीच्या कामातून आम्ही शिक्षक मोकळे झालो आणि २६ तारखेच्या शुक्रवारी तुमचा चित्रपट लागला. कोकणात हे दिवस घराबाहेर पडण्याचे नव्हेत. हापूसची काढणी ऐन भरात असते, मुंबईचे चाकरमानी सुट्टीसाठी घरी यायला लागलेले असतात, घरात माणसे मावत नाहीत आणि कामे संपत नाहीत. तरीही माझ्या मामीने आंब्याच्या पेट्या भरायचे काम जाऊबाईंवर सोपवले आणि मी, मामी व माझा कॉलेजात शिकणारा मामेभाऊ असे तिघे सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, म्हापसा करत मांडवीचा पूल ओलांडून पणजीला पोहोचलो. आमच्या गावाच्या जवळपास हा चित्रपट लागलेला नव्हता. शिवाय पणजीहून रात्री वेळेत घरी परतायचे तर हिंदी खेळ जमत नव्हता, म्हणून इंग्रजी खेळाची तिकिटे काढली. हा तपशील लक्षात असू द्यावा.

चित्रपटाची सुरुवातच किती धीराची आहे! क्लिंट बार्टन, म्हणजे हॉकआय, माळरानावर आपल्या मुलीला नेम धरायला शिकवतो आहे, पलीकडे बायको जेवणाची तयारी करते आहे, तो क्षणभर मान वळवतो आणि पुन्हा पाहतो तो मुलगी नाही. तो हाका मारत धावतो, तर बायको नाही, मुलगे नाहीत, आणि ज्या जागी ते उभे होते तिथे धुळीचा लोट विरतो आहे. मागच्या चित्रपटात विश्वाचा निम्मा संहार आम्ही पाहिला होता, पण त्याचे दुःख काय असते हे या एका रिकाम्या माळावर कळले. त्यानंतरही तुम्ही लढाई दाखवत नाही. थॉर थॅनोसचे मस्तक उडवतो ते चित्रपट सुरू झाल्यावर थोड्याच वेळात, आणि त्याने कोणाचेही काही परत येत नाही. मग पडद्यावर अक्षरे येतात : पाच वर्षांनंतर. पणजीच्या त्या भरलेल्या प्रेक्षागृहात त्या क्षणी एकाच वेळी सगळ्यांनी श्वास सोडल्याचे मला स्पष्ट ऐकू आले. तब्बल ३ तास १ मिनिटाचा चित्रपट आणि त्याचा पहिला तास पराभूत माणसे आपला पराभव कसा पेलतात हे दाखवण्यात घालवायचा, हे धाडस करायला प्रेक्षकांवर फार मोठा विश्वास लागतो. पाच वर्षे हरवलेला स्कॉट लँग, म्हणजे अँट-मॅन, गेलेल्यांच्या स्मारकशिलांवर आपल्या मुलीचे नाव असू नये म्हणून धावत धावत शोध घेतो आणि तिथे त्याला स्वतःचेच नाव सापडते, हा प्रसंग कोणत्याही गंभीर चित्रपटात शोभला असता.

आता शेवटच्या लढाईविषयी. उरलेले वीर काळात मागे जाऊन गेलेल्यांना परत आणण्याचे साधन मिळवतात, पण त्यांच्या मागोमाग भूतकाळातला थॅनोसही येऊन ठेपतो. कॅप्टन अमेरिकाची ढाल फुटलेली आहे, थॉर आणि टोनी पडलेले आहेत, समोर थॅनोसचे अफाट सैन्य आहे, आणि हा एकटा माणूस फुटक्या ढालीचा पट्टा हातावर आवळून चालू लागतो. माझ्या मते संपूर्ण मालिकेतील सर्वोत्तम दृश्य हेच, कारण त्या क्षणी कोणी मदतीला येणार आहे याची त्याला कल्पना नाही. तेवढ्यात त्याच्या कानातल्या यंत्रात खरखर होते आणि सॅम विल्सन त्याला सांगतो की तुझ्या डावीकडे बघ. हेच शब्द २०१४च्या चित्रपटात वॉशिंग्टनमध्ये पहाटे धावताना स्टीव्हने, म्हणजे कॅप्टनने, सॅमला ऐकवले होते, तेही थट्टेने, पुन्हा पुन्हा त्याच्या पुढे निघून जाताना. मैत्रीची जिथून सुरुवात झाली तेच वाक्य मेलेल्या मित्राच्या तोंडून परत येते आणि डावीकडे हवेत सोनेरी वर्तुळ उमटते. त्यातून टिचाला येतो, शूरी आणि ओकोये येतात, मग आकाशात पंख दिसतात, मग एकामागून एक वर्तुळे उघडत जातात आणि त्यांतून डॉक्टर स्ट्रेंज, स्पायडर-मॅन, अ‍ॅसगार्डचे योद्धे, वकांडाची फौज असे सगळे येत राहतात. अ‍ॅलन सिल्व्हेस्ट्री यांचे संगीत त्या वेळी एकदम गर्जत नाही, ते पायरी पायरीने चढते आणि प्रत्येक प्रवेशाला आपली जागा करून देते.

आमच्या सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार रंगतो. एक बाकडे, एक पडदा, पेटी, मृदंग आणि झांज एवढ्या सामग्रीवर पहाटेपर्यंत आख्यान चालते. बसलेल्या प्रत्येकाला कथा आधीपासून ठाऊक असते. भीम येणार हे ठाऊक असते, तो कोणाला मारणार हेही ठाऊक असते, तरी मृदंगाची थाप चढू लागली की पेंगणारी म्हातारी माणसेसुद्धा सावरून बसतात, कारण ती गोष्ट पुढे काय होते हे कळण्यासाठी आलेली नसतात, तर पात्राचा प्रवेश पाहण्यासाठी आलेली असतात. पणजीतल्या त्या अंधारात मला नेमके तेच वातावरण अनुभवायला मिळाले. शेजारच्या रांगेत एक गृहस्थ दोन्ही हात वर करून उभे राहिले होते आणि त्यांच्या मागच्यांनी त्यांना खाली बसायला सांगितले नाही, कारण तेही उभेच होते. २०१५च्या चित्रपटाच्या शेवटी कॅप्टनने सर्वांना एकत्र येण्याची जी हाक द्यायला तोंड उघडले होते आणि जी तुम्ही मध्येच कापली होती, ती हाक त्याने इथे पूर्ण केली, आणि तिचा शेवटचा शब्द ओरडून नव्हे तर हळू आवाजात उच्चारला. इतकी वर्षे थांबवून ठेवलेली गोष्ट शेवटी हलक्या आवाजात द्यायची, हा निर्णय ज्याने घेतला त्याला माझा नमस्कार पोहोचवावा.

थॉरचा हातोडा कॅप्टनच्या हाती येतो त्या प्रसंगाचेही तसेच. चार वर्षांपूर्वीच्या चित्रपटात एका मेजवानीत बहुतेकांनी गंमत म्हणून तो उचलून पाहिला होता, कॅप्टनच्या हाताने तो केसभर हलला होता आणि थॉरच्या चेहऱ्यावरचे हसू क्षणभर मावळले होते. ते केसभर हलणे तुम्ही विसरला नाहीत आणि आम्हीही विसरलो नव्हतो. टोनी स्टार्कचा अंत तर याच पद्धतीने बांधलेला आहे. २००८ साली पत्रकारांसमोर त्याने आपली ओळख जगजाहीर केली होती ती थोड्या मिजाशीने; शेवटी थॅनोसला तो तीच ओळख पुन्हा सांगतो आणि त्याच वाक्यानिशी स्वतःचा जीव देतो. श्रेयनामावलीनंतर या वेळी पुढच्या चित्रपटाची झलक नव्हती, सहा मूळ नटांच्या सह्या उमटून गेल्यावर फक्त लोखंडावर हातोडा पडल्याचे आवाज होते. पहिल्या चित्रपटात गुहेत बंदी असताना टोनी आपले चिलखत ठोकत होता, ते हे आवाज.

तीन गोष्टी मात्र मला पटल्या नाहीत, आणि प्रेमापोटीच त्या सांगते. व्होरमिर ग्रहावरच्या कड्यावर नताशाने, म्हणजे ब्लॅक विडोने, जो त्याग केला त्याला शोभेल असा निरोप तिला मिळाला नाही. टोनीसाठी तळ्याकाठी सगळे जमतात, आणि जिने या चमूला सर्वांत कठीण पाच वर्षे बांधून ठेवले तिच्यासाठी काही मोजकीच वाक्ये खर्च होतात. हल्कला मागच्या चित्रपटात थॅनोसने धूळ चारली होती, त्याचा हिशेब चुकता होण्याची आम्ही वाट पाहत होतो. तो झालाच नाही. आणि थॉरच्या सुटलेल्या पोटावरचे विनोद जरा जास्तच लांबले, कारण आईशी झालेल्या भेटीत त्याचे खचलेपण तुम्ही किती हळुवारपणे दाखवू शकता हे तुम्हीच सिद्ध केले होते.

आता माझ्या मागणीकडे येते.

माझी मामी या चित्रमालिकेची माझ्याइतकीच जुनी चाहती आहे. मुलगा लहान असताना त्याच्याबरोबर दूरचित्रवाणीपुढे बसून तिने हे सगळे चित्रपट पाहिले, तिला सगळी पात्रे नावानिशी ठाऊक आहेत, आणि थॉरचा भाऊ लोकी याच्यावर तिचा इतका राग आहे की त्याला शहाणपण सुचल्याचे तिला अजून मान्य नाही. घरात ती मालवणी बोलते, वाचते मराठी. हिंदी तिला समजते, पण ते सवडीने. भराभर बोललेल्या संवादात ती मागे पडते. इंग्रजीचा प्रश्नच नाही. त्यामुळे पणजीला ती आमच्या दोघांच्या मधे बसली आणि मी तिच्या कानाशी लागून अर्थ सांगत राहिले.

युद्धात काही सांगावे लागले नाही. टिचाला वर्तुळातून बाहेर पडला तेव्हा तिने माझा हात घट्ट धरून एवढेच विचारले, “गो, तो मेललो मां? मगे परत कसो इलो?” आणि माझे उत्तर येण्यापूर्वीच पुढचे पात्र पाहून ती ते विसरून गेली. हातोडा कॅप्टनच्या हाती गेला तेव्हा तर तिनेच मला कोपराने ढोसले. परंतु त्याआधीचा एक प्रसंग मला सलत राहिला आहे. काळात मागे जाऊन टोनी १९७० साली न्यू जर्सीच्या लष्करी तळावर पोहोचतो आणि तिथे त्याला त्याचे वडील भेटतात, अजून बाप न झालेले, बायकोला दिवस गेले आहेत म्हणून धास्तावलेले. आयुष्यभर ज्या बापाशी धड बोलणे झाले नाही त्याला स्वतःची ओळख न देता टोनी धीर देतो, आणि निघताना मिठी मारतो. मी मामीला सांगू लागले की हा टोनीचा बाप, बाळ अजून जन्मायचे आहे, ते बाळ म्हणजेच हा समोर उभा असलेला. आणि एवढे सांगून होईपर्यंत मिठी सुटली होती आणि हॉवर्ड स्टार्क टोनीकडे पाठ करून गाडीकडे वळला होता. “असो काय बोल्लो तो, मिठी मारूक?” असे मामीने विचारले, आणि मला ते त्या वेळी सांगता आले नाही. त्या प्रसंगाला तिच्या डोळ्यांत पाणी यायला हवे होते. घरी परतताना गाडीत मामेभावाने तिला तो सगळा संवाद सांगितला, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही आणि नंतर म्हणाली की हे तिथे कळले असते तर बरे झाले असते.

मंडळी, तुमचा हा चित्रपट स्फोटांवर उभा नाही, तो आठवणींवर उभा आहे. जुने वाक्य नव्या माणसाच्या तोंडी येते, जुनी थट्टा शपथ होऊन परतते, आणि हे ज्याच्या कानाला कळते त्यालाच चित्रपट पूर्ण मिळतो. म्हणून मी विचारते की तो मराठीत का नाही?

भारतात तुम्ही तो इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू अशा चार भाषांत आणलात. तमिळसाठी तुम्ही किती मनापासून काम केलेत ते आम्ही पाहिले आहे, संवादलेखन ए. आर. मुरुगदास यांच्यासारख्या दिग्दर्शकाकडे दिलेत, आयर्न मॅनला विजय सेतुपती यांचा आणि ब्लॅक विडोला आंद्रिया जेरेमाया यांचा आवाज दिलात. तेलुगूत थॅनोस राणा दग्गुबाती यांच्या आवाजात बोलतो. याचा मला आनंदच आहे. तिथल्या आज्यांना आणि मामींना टोनीचे बापाशी झालेले बोलणे कळले असेल. पण २०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक सुमारे ८ कोटी ३० लाख आहेत, तेलुगूचे सुमारे ८ कोटी ११ लाख आणि तमिळचे सुमारे ६ कोटी ९० लाख. मातृभाषकांच्या संख्येत मराठी देशात तिसरी आहे. १ एप्रिलला जो रूसो स्वतः मुंबईत आले, ए. आर. रहमान यांनी या चित्रपटासाठी केलेले गीत त्यांच्या बरोबरीने सादर केले, आणि महाराष्ट्राच्या राजधानीत सादर झालेले ते गीत हिंदी, तमिळ आणि तेलुगूत होते.

यावर मिळणारे उत्तर मला ठाऊक आहे. मराठी माणसाला हिंदी येते, त्यामुळे वेगळ्या आवृत्तीचा खर्च कशाला, असे ते उत्तर आहे. मुंबई-पुण्याचे तिकीटविक्रीचे आकडे समोर ठेवले तर ते खरेही वाटेल. पण १९९४ साली ‘जुरासिक पार्क’ हिंदीत आला त्याआधी इंग्रजी चित्रपट हा मोठ्या शहरांपुरताच मामला आहे, असेच समजले जात होते. हिंदी आवृत्तीने तो लहान गावांत नेला. म्हणजे जो प्रेक्षक आकड्यांत दिसत नव्हता तो नव्हताच असे नाही, त्याला बोलावलेले नव्हते. तुमच्या चित्रपटाने ११ दिवसांत जगभर २ अब्ज डॉलर मिळवले आणि भारतात ३०० कोटी रुपयांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला हॉलिवूडपट ठरला. इतक्या यशानंतर एका भाषेच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च फार मोठा आहे असे निदान मला तरी वाटत नाही.

करायचे असेल तर ते चांगले करावे, एवढी अट मात्र आम्ही घालू. अनुवाद पुस्तकी नको आणि बालिशही नको. मराठी रंगभूमीवर आवाजाची तालीम झालेले नट कमी नाहीत. माझे मत विचाराल तर थॉरच्या आवाजासाठी तुम्ही आमच्या दशावतारी नटांकडे जरूर पाहावे. लिहिलेली संहिता हाती नसताना रात्रभर देवांचे आणि असुरांचे संवाद तिथल्या तिथे रचणारी ही माणसे आहेत, त्यांच्या तोंडी राजाची भाषा जड वाटत नाही, आणि देवाने माणसासारखे रडायचे कसे हेही त्यांना ठाऊक आहे. नामवंत ताऱ्यांनाच घ्यावे असा आमचा आग्रह नाही.

दुसरी गोष्ट पडद्यांची. पूर्वी रिळांच्या पेट्या गावोगाव फिरवाव्या लागत. आता चित्रपट हार्ड डिस्कमधून किंवा उपग्रहावरून पोहोचतो. मोठी चित्रपटगृहे आमच्याकडे थोडी आहेत हे मान्य, पण मालवणला मामा वरेरकर नाट्यगृह आहे, रत्नागिरीला स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृह आहे. मे महिन्यात चाकरमानी आणि त्यांची मुले गावी असतात, तेव्हा अशा ठिकाणी परवानग्या घेऊन आठवडाभर खेळ लावून पाहायला काय हरकत आहे? माझ्या शाळेतली मुले दाटीवाटीने बसतील आणि प्रत्येक प्रवेशाला शिट्ट्या वाजवतील, याची हमी मी देते.

यांपैकी काहीच या चित्रपटाच्या वेळी होऊ शकत नसेल, तर एक छोटी सुरुवात तरी करावी. हा चित्रपट दूरचित्रवाणीवर किंवा घरी पाहण्यासाठी उपलब्ध होईल तेव्हा त्यासोबत मराठी ध्वनीचा एक पर्याय द्यावा. मामीने तो पुन्हा पाहायचा ठरवलेच आहे, आणि न्यू जर्सीचा तो प्रसंग या वेळी तिला माझ्या मध्यस्थीशिवाय ऐकायचा आहे. मराठी आवृत्तीचा विचार तुमच्याकडे कधी झाला होता का, आणि झाला असल्यास तो कशावर अडला, एवढे जरी आपण जाहीरपणे कळवलेत तरी आम्हा प्रेक्षकांना पुढे कोणाकडे पाठपुरावा करायचा ते समजेल. उत्तराच्या प्रतीक्षेत आहे.

आपली कृपाभिलाषी,
वेंगुर्ले तालुक्यातील एक शिक्षिका आणि प्रेक्षक
मे २०१९